पाहुण्यांसमोर फजिती करणारा ब्रुनो

प्रश्न : आमच्याकडे ब्रुनो नावाचा तीन वर्षांचा लॅब्रॅडोर आहे. नर, नसबंदी केलेली नाही. एरवी शहाणा. यंदा गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि त्याने आमची पुरती शोभा केली. नणंदेचे सासरे खुर्चीत बसले होते, त्यांच्या पायावर चढला, सोडेचना. आलेल्या प्रत्येक बाईच्या कमरेखाली नाक खुपसत होता. मखराच्या पडद्यावर तंगडी वर केली. आणि ऐन आरतीत ढुंगण घासत सगळ्यांसमोरून गेला. फिरायला नेलं की दुसऱ्या कुत्र्यांची शी खातो, हे तर मी अजून कोणाला सांगितलेलंच नाही. सासूबाई म्हणतात, त्याला सगळं कळतं, मुद्दाम करतो. ट्रेनर म्हणतो, तो स्वतःला घरातला बॉस समजायला लागलाय, उताणा पाडून दाबून धरा. आम्ही नक्की काय समजायचं?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात लाज वाटण्यासारखं जे जे आहे ते आमच्या दवाखान्यात रोजचं आहे. लोक फक्त ते शेवटी विचारतात. लस टोचून होते, कुत्रा टेबलावरून उतरतो, पैसे देऊन होतात, आणि दारापर्यंत गेलेले गृहस्थ परत फिरतात. बाकावर कोणी ऐकत नाही ना ते बघतात आणि हळूच म्हणतात, "डॉक्टर, तो जरा उशीवर… म्हणजे, ते करतो. चालतं ना?" बायको तोवर बाहेर जाऊन रिक्षा थांबवत असते.

तुम्ही पाच गोष्टी लिहिल्यात. वरून त्या सारख्याच दिसतात, कारण पाचही वेळा मान खाली तुमचीच गेली. पण त्यांची कारणं एकमेकांशी फारशी संबंधित नाहीत, आणि निदान एक तरी चक्क दुखण्याची आहे. "वाया गेलाय" किंवा "बॉस समजतो" असं एकच लेबल सगळ्यांवर डकवलं की दुखणं तसंच राहतं. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

ढुंगण घासत जाणं म्हणजे तिथे काहीतरी होतंय. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना, घड्याळात चार आणि आठ असतात त्या जागी, कातडीखाली एकेक छोटी पिशवी असते. आम्ही तिला ॲनल ग्लँड म्हणतो. तिच्यात तपकिरी, उग्र वासाचा स्राव साठतो. शी घट्ट असली की बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येतो आणि थेंबभर स्राव तिच्याबरोबर जातो. प्रत्येक कुत्र्याचा हा वास वेगळा. दोन कुत्रे भेटले की आधी शेपटीखाली हुंगतात ते यासाठीच. शी सैल झाली की हा दाब मिळत नाही. पिशवी भरते, आतलं घट्ट होतं, खाज सुटते, मग ठणका लागतो. कुत्रा बसतो, मागचे पाय पुढे काढतो आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत नेतो. त्याला सतरंजी खरखरीत म्हणून आवडते. आरतीला सतरंजी घातली होती ना?

आता आठवून बघा, त्या चार-पाच दिवसांत ब्रुनोच्या पोटात काय काय गेलं. कोणी अर्धा मोदक दिला असेल, कोणी पुरणपोळीचा काठ, मुलांनी ताटातलं खाली टाकलं असेल, आजींनी कौतुकाने दूध पाजलं असेल. दूध-पोळी कुस्करून घालणं ही आपल्याकडची जुनी रीत, पण बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर धड पचत नाही. पोट फुगतं, वारा सरतो आणि शी सैल होते. (पाहुण्यांत बसून कुत्र्याने वास सोडणं ही सहावी तक्रार तुम्ही लिहिली नाही, पण झालंच असेल तर कारण हेच.) जाता जाता एक, आणि हे मात्र गंभीर : पंचखाद्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याला प्रसाद म्हणूनसुद्धा देऊ नका. काही कुत्र्यांची किडनी थोड्याशा बेदाण्यांनीही निकामी होते आणि कोणाची होईल हे आधी सांगता येत नाही.

घासण्याची आणखी दोन कारणं तपासावी लागतात. शेपटीखालच्या केसांत किंवा तो झोपतो त्या गोधडीवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे कण दिसतात का बघा. ताजे असतील तर हलतातही. हा चपटा जंत. तो पिसवांतून येतो. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्याबरोबर जंताचं पिल्लू पोटात जातं. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवांचाही बंदोबस्त लागतो, नाहीतर काही आठवड्यांत पुन्हा तेच. दुसरं कारण ॲलर्जी. पावसाळी हवेत ती बळावते. पंजे सतत चाटणं, कान खाजवणं, पोटाखाली लाली यांच्या जोडीला घासणं असेल तर मूळ कातडीत आहे.

पिशव्या भरल्या असतील तर आम्ही हातमोजा घालून, एक बोट आत आणि अंगठा बाहेर धरून हलकेच दाबतो. सडक्या मासळीचा वास येतो, आणि पंखा चालू असला तर बाहेरच्या बाकापर्यंत जातो. व्हिडिओ बघून हे घरी करायला जाऊ नका. चुकीचं दाबलं तर आतल्या आत जखम होते. ग्रूमिंगवाला दर महिन्याला "ग्लँड साफ" करून देतो म्हणाला तरी गरज नसताना करून घेऊ नका. एका बाजूला टणक सूज, लाली, रक्त किंवा पू दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. ते गळू असतं आणि फार दुखतं. एरवी जेवणात दोन चमचे उकडलेला लाल भोपळा, मीठ-मसाला न घालता, आणि वजन आटोक्यात. लॅब्रॅडोर म्हटल्यावर वजनाचं सांगावंच लागतं.

आता पायावर चढण्याबद्दल. हे बघितलं की घरातल्या मोठ्यांच्या मनात एकच गोष्ट येते आणि मुलांना पाणी आणायला आत पाठवलं जातं. त्या गोष्टीचा संबंध आहे, पण अर्धामुर्धा. दीड-दोन महिन्यांची पिल्लं, जी अजून वयात यायची आहेत, तीसुद्धा खेळता खेळता एकमेकांवर चढतात. नसबंदी झालेले नर चढतात. माद्याही चढतात, नरांवर, दुसऱ्या माद्यांवर, उशीवर, सोफ्याच्या हातावर. अंगात मावेनासा झालेला उत्साह किंवा ताण कुठूनतरी बाहेर पडतो, त्यातली ही एक वाट. बेल वाजतेय, दार उघडतंय, चपलांचा ढीग पडलाय, झांजा वाजतायत, मुलं धावतायत, एकजण लाड करतोय तर दुसरा "हाड" म्हणतोय. दूध उतू जावं तसं त्याचं होतं. अशा वेळी काही कुत्री गोल गोल पळत सुटतात, काही चप्पल पळवतात, काही भुंकायचं थांबत नाहीत. तुमचा चढतो.

मग इतक्या माणसांत नणंदेचे सासरेच का? मानाचा पाहुणा ओळखून नाही. खुर्चीत स्थिर बसलेल्या माणसाची नडगी त्याच्या छातीच्या उंचीला येते, हे एक. दुसरं, ते नक्कीच "हट् हट्" करत पाय झटकत असणार. पाय हलायला लागला की कुत्र्याच्या लेखी खेळ सुरू. आणि तिसरं, बाकीचे हसले असणार. तोंडावर रुमाल धरून का होईना, हसलेच असणार. एका कृतीने अख्ख्या घराचं लक्ष मिळतं हे कुत्रा फार पटकन शिकतो आणि विसरायला फार वेळ घेतो.

शिवाय महिना कोणता होता? भाद्रपदातली कुत्री म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. आपल्या गल्लीतल्या गावठी माद्या बऱ्याचशा पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी, थंडीच्या तोंडावर, जिन्याखाली आणि हातगाड्यांखाली पिल्लं दिसायला लागतात. घरी पाळलेल्या विदेशी जातींच्या माद्यांना असा ठरलेला महिना नसतो, त्या सहा-सात महिन्यांनी केव्हाही येतात. नराला तर स्वतःचा मोसमच नाही. तो बारा महिने तयार असतो, फक्त मादीचा वास नाकात जायला हवा. ब्रुनो त्या दिवसांत खांबाच्या बुडाशी थांबून जमीन चाटायचा का? चाटून झाल्यावर दात कटकटवायचा, ओठांना फेस यायचा? कुत्र्याच्या टाळूत, वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, एक वेगळं इंद्रिय उघडतं. त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. मादी माजावर आहे का, ही बातमी तिच्या लघवीतून तिथे पोचते. या मोसमात "दोन दिवस जेवत नाही", "रात्रभर कुईकुई करतो", "दार उघडलं की सुटतो" म्हणत लोक येतात. ताप बघतो, पोट चाचपतो, सगळं ठीक. मग विचारतो, "गल्लीत कोणी माजावर आहे का?" तेव्हा कुठे उलगडा होतो.

गणपती येतात भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. म्हणजे नराच्या बहुधा सगळ्यात अस्वस्थ दिवसांत आपण त्याच्या घरात वीस-पंचवीस अनोळखी माणसं आणि झांजा आणतो, फिरायला न्यायला कोणाला वेळ नसतो, आणि वर त्याने शहाण्यासारखं कोपऱ्यात बसावं अशी अपेक्षा ठेवतो.

याच मोसमात फिरायला गेल्यावर रस्त्यात एकमेकांना चिकटलेली जोडी दिसते आणि पोरं दगड मारतात, कोणी बादलीभर पाणी ओततं. ते अडकलेले नसतात. नराच्या इंद्रियाच्या मुळाशी एक गाठ असते, ती आत गेल्यावर फुगते आणि दहा मिनिटं ते अर्धा तास तशीच राहते. ओढून सोडवलं तर दोघांनाही इजा होते. मुलाला "चल, बघू नकोस" म्हणून ओढत नेण्यापेक्षा "थोड्या वेळाने सुटतील आपोआप" एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

तुमच्या ट्रेनरच्या "बॉस"बद्दल. ही कल्पना आली लांडग्यांवरून. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून १९४७ मध्ये त्यांच्यातल्या चढत्या-उतरत्या अधिकाराबद्दल लिहिलं. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधल्या लिखाणाने "अल्फा", म्हणजे कळपाचा म्होरक्या, लांडगा घरोघरी पोचवला. पण पुढे मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप हे बहुधा साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची लहान-मोठी पिल्लं. गादीसाठी मारामाऱ्या करून कोणी राजा होत नाही. ट्रेनिंगच्या धंद्यात हे अजून सगळीकडे पोचलेलं नाही. तीस-पस्तीस किलोच्या लॅब्रॅडोरला उताणा पाडून दाबला तर तो एवढंच शिकतो की हा माणूस अधूनमधून विनाकारण अंगावर येतो. काही कुत्री गप्प पडून राहतात, काही चावतात. घरात मुलं असतील तर हा प्रयोग अजिबात नको. ट्रेनर बदललात तरी माझी हरकत नाही.

मग करायचं काय? चढल्यावर काय करायचं यापेक्षा चढायच्या आधीचं मिनिट बघा. कान मागे जातात, डोळे ताणले जातात, धाप लागल्यासारखं होतं, तो एकाच माणसाभोवती फिरायला लागतो, पुढचा पंजा हळूच मांडीवर ठेवतो. त्या वेळी नाव घेऊन हाक मारा, खाऊ दाखवून बाजूला घ्या आणि बसवा. पाहुणे यायच्या आधी तासभर दमेपर्यंत फिरवून आणा. बेल वाजायच्या आत गळ्यात पट्टा, आणि पट्ट्याचं टोक घरातल्या एका ठरलेल्या माणसाच्या हातात. पहिला गलका ओसरेपर्यंत आतल्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन. ही शिक्षा म्हणून करू नका, कोंडून वर ओरडू नका. सगळे स्थिरावले की त्याला बाहेर आणा. तरी चढलाच, तर हसू नका, ओरडू नका, पाय झटकू नका. पट्टा धरून शांतपणे बाजूला करा आणि दोन-तीन मिनिटं आत नेऊन बसवा. कंटाळवाणं आहे, पण कंटाळवाणं असणं हीच त्यातली युक्ती आहे. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. धाकट्या दिराने गंमत म्हणून मोबाइलवर शूटिंग केलं की मेहनत पाण्यात.

नसबंदीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार करावा असं मी म्हणेन. नर कुत्र्यांवरचा १९९७ चा एक अभ्यास आम्ही अजून सांगतो. त्यात चढणं, लघवीच्या खुणा करणं आणि बाहेर भटकणं या तीन गोष्टी शस्त्रक्रियेनंतर साठ टक्के किंवा जास्त कुत्र्यांमध्ये निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. जवळपास बंद झाल्या, असं चाळीस टक्क्यांच्या आतच. म्हणजे फायदा आहे, पण बटण दाबून दिवा बंद करण्यातला नाही. तीन वर्षं मुरलेली सवय हॉर्मोन गेले तरी थोडीफार उरते. लॅब्रॅडोरसारख्या मोठ्या जातीत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं म्हणतात, ब्रुनोच्या बाबतीत तो प्रश्न संपलाय. घरातल्या पुरुष मंडळींना या विषयावर स्वतःच्याच पोटात गोळा येतो हा माझा नेहमीचा अनुभव. कुत्र्याला तसं काही वाटत नाही.

आणि एखादा कुत्रा अचानक, पाहुणे नसताना, दिवसभर चढायला लागला, सतत स्वतःला चाटत असला, थेंब थेंब लघवी करत असला, तर मूत्रमार्गाचं इन्फेक्शन किंवा प्रोस्टेट बघावं लागतं. तापलेल्या डोक्याने त्याला फटके देणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

याच्याच शेजारची एक गोष्ट, जी कोणी लिहून विचारत नाही. उत्साहात नराचा लालबुंद अवयव बाहेर येतो आणि सगळे छताकडे बघायला लागतात. ते नैसर्गिक आहे, काही मिनिटांत आपोआप आत जातं. टोकाशी कधीकधी पिवळसर थेंब दिसतो, तोही थोडा असेल तर चालतो. पण बाहेर आलेला भाग अर्धा तास उलटूनही आत गेला नाही, सुजला, काळपट दिसायला लागला, तर ती इमर्जन्सी. तो कोरडा पडू देऊ नका. पाण्याने ओला ठेवा, त्याला चाटू देऊ नका आणि लाज घरी ठेवून तडक दवाखाना गाठा.

नाक खुपसण्याचं स्पष्टीकरण सगळ्यात सोपं आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. माणसाच्या अंगावर खास वासाच्या घामग्रंथी असतात त्या मुख्यतः काखेत आणि जांघेत. काखेपर्यंत त्याचं नाक पोचत नाही, जांघेशी सरळ रेषेत येतं. पाळी चालू असलेली किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई त्याला जास्त वेगळी वाटते आणि तो तिथे रेंगाळतो. बिचाऱ्या बायका अवघडून जातात, कारण त्याने चारचौघांत जाहीर करावी अशी ही गोष्ट नव्हे. त्याच्या दृष्टीने त्याने फक्त नाव-गाव विचारलं. उपाय एवढाच की त्याला हुंगायला दुसरं काहीतरी द्या. पाहुण्यांनी दारातच मूठ बंद करून हात त्याच्या नाकाच्या खाली, बाजूने धरायचा. ब्रुनोला "हात" म्हटलं की तळव्याला नाक लावायला शिकवा, प्रत्येक वेळी खाऊचा छोटा तुकडा. लॅब्रॅडोर खाऊसाठी काहीही शिकतो. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांच्याजवळ त्याला सोडूच नये, तिथे आपल्या कौतुकाचा आग्रह नको.

मखराच्या पडद्यावर तंगडी वर केली तेव्हा त्याला लघवी लागलेली नव्हती. लागली असती तर जमिनीवर थारोळं झालं असतं. उभ्या वस्तूवर, थोडीशीच, नाकाच्या उंचीला, ही खूण असते. मखर वर्षभर माळ्यावर, नाहीतर बाजारातून नवं आणलेलं, परक्या हातांचा वास लागलेलं, आणि ते त्याच्या रोजच्या झोपायच्या कोपऱ्यात उभं राहिलं. त्यात घरात गर्दी आणि बाहेर माद्यांचा वास. त्याने आपली सही करून ठेवली. फिनाईलने पुसलंत तर वास आपल्या नाकापुरता जातो, त्याच्या नाहीच. शिवाय ओलं फिनाईल पंजांना लागून चाटण्यात येतं. पेट शॉपमध्ये एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा. पुढच्या वर्षी मखर उभारल्यावर पहिले दोन दिवस त्याला तिथे एकटं सोडू नका, पट्ट्यावर नेऊन निवांत हुंगू द्या.

इतरांनी वाचताना एक फरक लक्षात ठेवावा. पाहुणा वाकून लाड करायला गेला आणि लहान कुत्र्याची तिथेच सू झाली, तर ती खूण नव्हे, ते दबून किंवा हरखून झालेलं असतं. त्याला रागावलं की वाढतं. वाकू नका, डोळ्यांत बघू नका, खाली बसून बाजूने हात लावा. बहुतेक पिल्लांचं वर्षभरात सुटतं. नसबंदी झालेल्या मादीची झोपेत गादी ओली होत असेल तर मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडलेला असतो, त्याला औषध आहे. आणि पाणी पिणं व लघवी दोन्ही अचानक वाढलं असेल तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवून रक्त तपासायचं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की "चोरासारखा बघतो, म्हणजे त्याला कळतं" हे त्यांचं म्हणणं तपासून बघितलं गेलंय. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने खाऊ ठेवायचा, "खायचं नाही" म्हणून बाहेर जायचं. परत आल्यावर काही मालकांना खरं सांगितलं, काहींना खोटंच सांगितलं की कुत्र्याने खाल्लं. कुत्र्याने खरंच खाल्लं होतं की नाही, याचा त्या ओशाळ्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला की चेहरा यायचा. आणि सगळ्यात जास्त ओशाळलेली दिसली ती, ज्यांनी काहीही खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली. मान खाली, कान मागे, डोळ्यांची पांढरी कड, शेपूट पायांत, हे सगळं "आता रागावू नका" असं म्हणणं आहे. आपण काय केलं याची कबुली त्यात नाही. पडदा ओला करून अर्धा तास झाल्यावर कान धरून तिथे नेलं, तर त्याला एवढंच कळतं की मखरापाशी गेलं की आई चिडते.

राहिली शी. हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, म्हणून सांगतो की तुम्ही एकट्या नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाळीव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सोळा टक्के कुत्री हे वारंवार करताना दिसली होती. त्यात खादाड कुत्री जास्त, आणि आवड मुख्यतः ताज्या, दोन दिवसांच्या आतल्या शीची. त्यांचा अंदाज असा की लांडग्यांच्या गुहेजवळ आजारी सोबत्याची शी पडली, तर त्यातल्या जंतांची अंडी पिकायच्या आत खाऊन टाकलेली बरी, त्यातून ही खोड आली असावी. पिल्लांची शी तर आई खातेच, म्हणून जागा स्वच्छ राहते. जेवणात घालायच्या ज्या पावडरी आणि गोळ्या या सवयीसाठी विकल्या जातात, त्यांचं यश त्याच पाहणीत शून्य ते दोन टक्के निघालं. ऑनलाइन मागवली असेल तर परत करा. शीवर तिखट टाकणं, तोंडावर मारणं हेही नको. मारलं की तो खायचा थांबत नाही, घाईने खायला शिकतो.

काम करतं ते असं. घरची शी पडल्या पडल्या उचला. बाहेर पट्टा आखूड ठेवा. "सोड" हा शब्द आधी घरात, बंद मुठीतल्या बिस्किटावर शिकवा, मग रस्त्यावर वापरा. फारच झालं तर तोंडाला बांधायचं जाळीचं मझल, ज्यातून तो धाप टाकू शकतो आणि पाणी पिऊ शकतो असं. मात्र खाऊनही वजन उतरत असेल, शी भरपूर, फिकट आणि तेलकट होत असेल, तर स्वादुपिंड बघायचं. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त आढळतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर भूक वाढूनही कुत्री हे करतात. आणि दुसऱ्यांची शी खाणाऱ्या कुत्र्याची जंतांची तपासणी इतरांपेक्षा जास्त वेळा लागते, कारण मुलं त्याचे मुके घेतात.

दिवाळीचे पाहुणे येईपर्यंत हातात थोडे दिवस आहेत. या आठवड्यात फक्त ॲनल ग्लँड आणि जंत एवढं दाखवून घ्या, बाकीचं त्यानंतर. येताना सकाळची ताजी शी झाकणाच्या डबीत आणा, चमचाभर पुरे. दवाखाना संध्याकाळी असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी लागेल. त्यावर मोठ्या अक्षरांत ब्रुनोचं नाव लिहा, आणि सासूबाईंना आधी सांगून ठेवा.